@प्रीऑथराइझ लावलंय, तरी लिपिकाच्या लॉगिनने कर्ज मंजूर होतंय

तक्रार साधारण अशी असते. पतसंस्थेचं कर्जवाटपाचं सॉफ्टवेअर, स्प्रिंग बूट या जावाच्या चौकटीवर बांधलेलं. ‘कर्जसेवा’ नावाच्या क्लासात ‘मंजूरकर’ ही मेथड, आणि तिच्या डोक्यावर स्वच्छ लिहिलंय: @प्रीऑथराइझ("हॅजरोल('शाखाधिकारी')"), म्हणजे ही भूमिका असलेल्यालाच मेथड चालवू द्या. कोड रिव्ह्यूत सगळ्यांनी ते वाचलंय, माना डोलावल्यात. तरीही लिपिकाच्या लॉगिनने एका विशिष्ट स्क्रीनवरून कर्ज मंजूर होतं. एरर येत नाही, लॉगमध्ये ओळ पडत नाही. तोच लिपिक दुसऱ्या स्क्रीनवरून गेला तर मात्र ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, मिळतो.

उलटी तक्रारही तितकीच येते: खुद्द शाखाधिकाऱ्यालाच ४०३. ही लवकर कळते, कारण काम अडलं की शाखाधिकारी फोन करतो. पहिली तक्रार मात्र कोणी करतच नाही. नको ते करता येतंय हे ज्याला कळलंय तो कशाला सांगायला येईल? वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या २०१७ च्या टॉप टेन धोक्यांच्या यादीत ‘ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल’ (अधिकार-तपासणीतली गळती) पाचव्या क्रमांकावर होतं. २०२१ च्या यादीत ते पहिल्यावर गेलं. यात मला नवल वाटत नाही.

खालचं सगळं स्प्रिंग बूट ३ आणि स्प्रिंग सिक्युरिटी ६ धरून लिहिलंय. उदाहरणातल्या क्लास-मेथडची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून मराठीत ठेवलीयत. जावाला देवनागरी नावं चालतात, पण म्हणून ऑफिसात सुरू करू नका.

ॲनोटेशन राखण करत नाही, प्रॉक्सी करते

इथेच बहुतेकांची गल्लत होते. ॲनोटेशन म्हणजे मेथडवर चिकटवलेली चिठ्ठी. ती वाचून कोणीतरी कृती केली तरच तिला अर्थ. स्प्रिंगमध्ये ही कृती करतो इंटरसेप्टर (कॉल मध्येच थांबवून तपासणारा कोड), आणि तो उभा असतो प्रॉक्सीत, म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी पुढे केलेल्या ऑब्जेक्टमध्ये. कंट्रोलर ‘कर्जसेवा’ मागतो तेव्हा स्प्रिंग त्याला तुमचा ऑब्जेक्ट देत नाही. सीजीलिब या लायब्ररीने चालत्या प्रोग्राममध्ये बनवलेल्या सबक्लासचा ऑब्जेक्ट देतं. त्या सबक्लासने ‘मंजूरकर’ ओव्हरराइड केलेली असते. कॉल आधी तिथे पोचतो, इंटरसेप्टर भूमिका तपासतो, आणि मगच खऱ्या ऑब्जेक्टवरची मेथड चालते.

जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाज्याशी देवडीत राखणदार बसायचा, तशीच ही व्यवस्था. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारणार. पण जो आधीच आत आहे तो माजघरातून स्वयंपाकघरात जाताना देवडीवरून जात नाही. स्वयंपाकघराच्या दाराला ‘परवानगीशिवाय प्रवेश नाही’ अशी पाटी लावली तरी ती पाटी वाचायला तिथे कोणी बसलेलं नाही.

एवढं डोक्यात पक्कं असेल तर पुढचं निदान फार सोपं होतं. भूमिका, टोकन, डेटाबेस यांकडे वळण्याआधी पहिला प्रश्न एकच: या कॉलवर इंटरसेप्टर चालला का?

डिनायऑलची चाचणी

याचं उत्तर मिळवायचा सगळ्यात जलद मार्ग. विकासाच्या मशिनवर त्या मेथडचं एक्स्प्रेशन तात्पुरतं बदलून @प्रीऑथराइझ("डिनायऑल"), म्हणजे सगळ्यांना नकार, असं करा आणि ज्या स्क्रीनवरून गळती होतेय त्याच स्क्रीनवरून कॉल करा. दुसऱ्या स्क्रीनवरून नव्हे, आणि पोस्टमनसारख्या चाचणी-साधनावरून दुसऱ्याच एंडपॉइंटवर (पत्त्यावर) तर नव्हेच.

कॉल तरीही आत गेला, तर इंटरसेप्टर चालतच नाहीये. भूमिकांचे तक्ते कितीही उपसलेत तरी हाती काही लागणार नाही. कॉल अडला, तर इंटरसेप्टर जागेवर आहे आणि भानगड भूमिकांच्या नावांत किंवा एक्स्प्रेशनमध्ये आहे. सगळी शोधमोहीम इथे दोन वाटांत विभागली जाते, आणि मी कोणालाही या चाचणीआधी डीबगर उघडू देत नाही.

कोड बदलायची सोय नसेल तर स्प्रिंग सिक्युरिटीच्या पॅकेजची लॉग पातळी डीबगवर न्या. इंटरसेप्टर चालला की ‘ऑथराइझिंग मेथड इन्व्होकेशन’ अशी ओळ पडते आणि तिच्यामागे परवानगी मिळाल्याची किंवा नाकारल्याची. ओळच नसेल तर उत्तर मिळालं. स्टॅक ट्रेसमध्ये क्लासच्या नावापुढे दोन डॉलरची चिन्हं आणि ‘स्प्रिंगसीजीलिब’ दिसतं का, हेही बघता येतं. पण त्यावर विसंबू नका. @ट्रान्झॅक्शनल (डेटाबेस व्यवहाराचं ॲनोटेशन) असलं तरी प्रॉक्सी बनते. म्हणजे प्रॉक्सी दिसली तरी तिच्यात सुरक्षेचा इंटरसेप्टर असेलच असं नाही.

वाट पहिली: डिनायऑल लावूनही कॉल आत गेला

आधी सगळ्यात साधं कारण. मेथड पातळीवरची सुरक्षा स्प्रिंग बूट आपणहून सुरू करत नाही. एखाद्या कॉन्फिगरेशन क्लासवर @इनेबलमेथडसिक्युरिटी हवंच. ते लावलं की @प्रीऑथराइझ आणि @पोस्टऑथराइझ (मेथड चालून झाल्यावर तपासणारं) चालू होतात, पण @सिक्युअर्ड आणि @रोल्सअलाउड बंदच राहतात. त्यांच्यासाठी ‘सिक्युअर्डइनेबल्ड’ आणि ‘जेएसआर२५०इनेबल्ड’ वेगळे खरे करावे लागतात. जुन्या @इनेबलग्लोबलमेथडसिक्युरिटीमध्ये तिन्ही मुळात बंद असत. जुन्या प्रोजेक्टातून कॉपी केलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये कोणतं ॲनोटेशन जागं आहे आणि कोणतं नुसतं शोभेचं, हे एकदा बसून बघा. एकाच प्रोजेक्टात तीन जणांनी तीन प्रकारची ॲनोटेशनं लावलेली असणं ही नेहमीची गोष्ट आहे.

याच घरातला एक छुपा प्रकार. बूट २ वरून ३ वर येताना ‘जावाएक्स’ पॅकेजं ‘जकार्ता’ झाली. @रोल्सअलाउडचा इम्पोर्ट जुन्याच ‘जावाएक्स’चा राहिला आणि कुठल्यातरी दुसऱ्या लायब्ररीमागून तो जुना जार क्लासपाथवर आलेला असला, तर कोड बिनतक्रार कंपाइल होतो. स्प्रिंग सिक्युरिटी ६ मात्र ‘जकार्ता’चंच @रोल्सअलाउड ओळखते. दिसायला अक्षर न अक्षर तेच ॲनोटेशन, आणि ते वाचणारं कोणी नाही. अख्ख्या प्रोजेक्टात ‘जावाएक्स डॉट ॲनोटेशन डॉट सिक्युरिटी’ शोधा. एकही जागा सापडली तरी ती बुजवा.

आता मुख्य आरोपी. वरच्या पतसंस्थेच्या तक्रारीत एक स्क्रीन अडवते आणि दुसरी सोडते, हे ऐकताच संशय इथे जायला हवा: स्वतःच्याच क्लासातून केलेला कॉल. ‘कर्जसेवा’मध्ये ‘मंजूरकर’ आहे, सुरक्षित. पुढे कोणीतरी मार्चअखेरच्या घाईसाठी ‘सगळीमंजूरकर’ नावाची मेथड घातली. ती अर्जांच्या यादीवर लूप फिरवते आणि प्रत्येकासाठी ‘मंजूरकर’ बोलावते. तिच्यावर ॲनोटेशन नाही, कारण लिहिणाऱ्याचा हिशोब सरळ होता: आतली मेथड तपासतेच आहे की. पण आतला कॉल ‘धिस’वर होतो, आणि ‘धिस’ म्हणजे प्रॉक्सी नव्हे, खरा ऑब्जेक्ट. देवडी मागेच राहिली.

‘धिस’ हा शब्द कोडमध्ये दिसायलाच हवा असंही नाही. नुसतं ‘मंजूरकर(अर्ज)’ लिहिलं तरी तेच, ‘फॉरईच’ला ‘धिस’वरचा मेथड रेफरन्स दिला तरी तेच, लॅम्ब्डाच्या पोटात लपवलं तरी तेच. मूळ क्लासातली मेथड वारसा घेतलेल्या क्लासातल्या सुरक्षित मेथडला बोलावते तेव्हाही तेच, आणि ही शेवटची गोष्ट पकडायला अवघड, कारण दोन्ही मेथड वेगवेगळ्या फाइलींत असतात. ऑब्जेक्ट तयार होताच चालणारी @पोस्टकन्स्ट्रक्ट मेथडही खऱ्या ऑब्जेक्टवरच चालते.

उपाय तीन. पहिला आणि मला पटणारा: आतली मेथड वेगळ्या बीनमध्ये (स्प्रिंगने बनवलेल्या आणि सांभाळलेल्या ऑब्जेक्टमध्ये) काढा. ‘मंजुरीसेवा’ वेगळी, ‘घाऊकमंजुरीसेवा’ वेगळी. एका बीनमधून दुसऱ्यात जाणारा कॉल प्रॉक्सीतून जातोच. शिवाय घाऊक मंजुरी हा बहुधा वेगळाच अधिकार असायला हवा. पन्नास कर्जं एका क्लिकमध्ये मंजूर करणं आणि एक कर्ज वाचून मंजूर करणं यांना एकच परवानगी का असावी, हा प्रश्न क्लास फोडताना आपोआप पुढे येतो. दुसरा: बीनमध्ये तिचंच इंजेक्शन @लेझी (गरज पडेपर्यंत न बनवणारं) लावून घ्या आणि त्या संदर्भावर कॉल करा. चालतं, पण पुढे येणाऱ्याला ते चुकून राहिलेलं वाटतं, आणि तो ‘साफसफाई’ करताना काढून टाकतो. @लेझीशिवाय तर ॲप सुरूच होणार नाही, कारण बूट २.६ पासून चक्राकार संदर्भ मुळातच बंद आहेत. तिसरा उपाय ॲस्पेक्टजे: ॲडव्हाइस मोड बदलायचा, ‘स्प्रिंग सिक्युरिटी ॲस्पेक्ट्स’ घ्यायचं आणि बाइटकोडमध्येच तपासणी विणायची. मग ‘धिस’वरचा कॉलही अडतो. तंत्र म्हणून निर्दोष. पण बिल्डमध्ये आणखी एक पायरी येते आणि ती एका मॉड्यूलमध्ये राहून गेली की पुन्हा शांततेत गळती. एक-दोन मेथडसाठी मी हा खटाटोप करणार नाही.

यानंतर ज्या मेथड प्रॉक्सीला ओव्हरराइडच करता येत नाहीत त्या: प्रायव्हेट, स्टॅटिक, फायनल. प्रायव्हेट मेथडवरचं @प्रीऑथराइझ म्हणजे निव्वळ सजावट. फायनलचा प्रकार जास्त विचित्र आहे. फायनल मेथडवरचा कॉल प्रॉक्सी ऑब्जेक्टवरच चालतो, खऱ्यावर जात नाही. आणि प्रॉक्सी ऑब्जेक्ट सहसा कन्स्ट्रक्टर न चालवताच बनवलेला असल्याने त्याची फील्डं रिकामी असतात. म्हणून ‘रेपॉझिटरी नल कशी?’ असा नल पॉइंटर एरर येतो. लोक तासभर डिपेंडन्सी इंजेक्शन तपासत बसतात. खरं तर हा एरर नशिबाने मिळालेला इशारा आहे, कारण मेथडने एकही फील्ड वापरलं नसतं तर ती तपासणीशिवाय निमूट चालली असती. डीबग लॉगमध्ये स्प्रिंग या फायनल मेथडबद्दल बजावून सांगतं, पण तो लॉग वाचतो कोण?

कोटलिनवाल्यांनी इथे जास्त जपावं, कारण तिथे क्लास आणि मेथड मुळातच फायनल. ‘कोटलिन-स्प्रिंग’ प्लगइन @कॉम्पोनंट, @ट्रान्झॅक्शनल वगैरे लावलेले क्लास उघडे करतं. @सर्व्हिस हे @कॉम्पोनंटवरच बेतलेलं, म्हणून तेही चालतं. प्लगइन नसेल तर मात्र अडचण.

प्रॉक्सी न मिळण्याची आणखी दोन कारणं. एक, ऑब्जेक्ट ‘न्यू’ने बनवला. जेपीए एंटिटीवर (डेटाबेसातल्या नोंदीसाठीच्या क्लासवर) @प्रीऑथराइझ लावलेलं मी पाहिलंय. एंटिटी हायबरनेट बनवतं, तिथे स्प्रिंगचा इंटरसेप्टर येणार कुठून? दोन, बीन फार लवकर जन्माला आली. समजा तुम्ही स्वतःचा ‘परमिशन इव्हॅल्युएटर’ लिहिला आणि त्याला ‘शाखासेवा’ लागते. मेथड सुरक्षेचं यंत्र उभं राहायच्या आधीच त्या यंत्राला लागणारा भाग म्हणून ‘शाखासेवा’ तयार होते, आणि मग तिच्यावर प्रॉक्सी चढत नाही. ॲप सुरू होताना लॉगमध्ये ‘नॉट एलिजिबल फॉर ऑटो-प्रॉक्सिइंग’ असा मजकूर असलेली ओळ येते, तुमच्या बीनच्या नावासकट. ती ओळ शोधा. ‘मेथडसिक्युरिटीएक्स्प्रेशनहँडलर’ देणारी @बीन मेथड स्टॅटिक करा, आणि इव्हॅल्युएटरला लागणारी सेवा @लेझीने किंवा ‘ऑब्जेक्टप्रोव्हायडर’मधून घ्या.

आणि कोड निर्दोष असूनही गळती असेल तर आवृत्ती बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या सीव्हीई-२०२५-४१२४८ या सुरक्षा-त्रुटीमध्ये जेनेरिक मूळ क्लास किंवा इंटरफेसवरच्या मेथडला लावलेली सुरक्षा ॲनोटेशनं काही प्रसंगी सापडतच नव्हती. दुरुस्ती स्प्रिंग सिक्युरिटी ६.४.१० आणि ६.५.४ मध्ये आली. ‘बेससेवा’ लिहून तिच्यावर एकदाच ॲनोटेशन लावायची सवय आपल्याकडे बऱ्याच टीमना आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

वाट दुसरी: डिनायऑलने अडवलं

म्हणजे राखणदार जागा आहे. आता त्याच्या हातातली यादी बघायची.

‘रोल_’ या उपसर्गाचा घोळ पटकन उरकू. ‘हॅजरोल('शाखाधिकारी')’ प्रत्यक्षात ‘रोल_शाखाधिकारी’ शोधतं. @रोल्सअलाउडही उपसर्ग स्वतः जोडतं. ‘हॅजअथॉरिटी’ मात्र दिलं तेवढंच शोधतं, आणि @सिक्युअर्डला उपसर्गासकट पूर्ण नाव द्यावं लागतं. डेटाबेसात ‘शाखाधिकारी’ एवढंच साठवलं असेल आणि युजर लोड करताना ते तसंच अथॉरिटी म्हणून दिलं असेल, तर ‘हॅजरोल’ नाही म्हणणारच. टेस्टमध्ये हे सापडत नाही, कारण टेस्टसाठी नकली युजर देणाऱ्या @विथमॉकयुजरला ‘रोल्स’ दिले की ते उपसर्ग स्वतः जोडतं. टेस्ट हिरवी, सर्व्हरवर ४०३.

जेडब्ल्यूटी (लॉगिनची माहिती वाहणारं सही केलेलं टोकन) वापरत असाल तर स्प्रिंग मुळात ‘स्कोप’ किंवा ‘एससीपी’ हा क्लेम वाचतं आणि त्यातल्या प्रत्येकापुढे ‘स्कोप_’ लावतं. कीक्लोक हे लॉगिन सांभाळणारं सॉफ्टवेअर रेल्मच्या भूमिका ‘रेल्म_ॲक्सेस’च्या पोटातल्या ‘रोल्स’मध्ये ठेवतं. तिथे स्प्रिंग आपणहून बघत नाही. ‘जेडब्ल्यूटीऑथेंटिकेशनकन्व्हर्टर’ला तुमचा कन्व्हर्टर द्या, बस.

शाखाधिकाऱ्याला लिपिकाचंही सगळं करता यायला हवं असेल आणि त्यासाठी ‘रोलहायरार्की’ लिहिली असेल, तर ती मेथड सुरक्षेपर्यंत पोचतेय का ते तपासा. जुन्या आवृत्त्यांत ती एक्स्प्रेशन हँडलरला हाताने द्यावी लागते. नुसती बीन घोषित करून यूआरएलचे नियम चालले म्हणून मेथडचेही चालतील असं नाही.

आणि बदली! कर्मचाऱ्याची भूमिका डेटाबेसात बदलली, पण सेशनमधलं ऑथेंटिकेशन लॉगिनच्या वेळचंच. टोकन असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत जुनी भूमिका चालू. बढती मिळालेला ओरडतो, अधिकार काढून घेतलेला ओरडत नाही. भूमिका बदलली की त्या युजरचे सेशन रद्द करा, आणि टोकनची मुदत तासांत नव्हे, मिनिटांत ठेवा.

आता जिथे खरोखर थांबावं अशी जागा: पॅरामीटरची नावं.

पतसंस्थेत, बँकेत ‘मेकर-चेकर’चा नियम सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याने अर्ज भरला त्यानेच तो मंजूर करायचा नाही. कोणीतरी हे एका ओळीत लिहितो: @प्रीऑथराइझ("#भरणारा != ऑथेंटिकेशन.नेम"). छान वाचता येतं. पण ‘#भरणारा’ सोडवायला स्प्रिंगला चालत्या प्रोग्राममध्ये पॅरामीटरचं नाव माहीत असावं लागतं, आणि जावा कंपायलर ते नाव क्लास फाइलमध्ये आपणहून ठेवत नाही; त्याला ‘-पॅरामीटर्स’ हा पर्याय द्यावा लागतो. पूर्वी स्प्रिंग डीबग माहितीतून नाव काढून काम चालवायचं. ६.० मध्ये त्याबद्दल लॉगमध्ये ताकीद यायची, आणि स्प्रिंग फ्रेमवर्क ६.१ मध्ये, म्हणजे बूट ३.२ बरोबर, ती सोयच काढून टाकली.

मग नाव सापडलं नाही तर काय होतं? एरर येत नाही. ‘#भरणारा’ची किंमत नल होते. नल आणि लॉगिन केलेल्याचं नाव वेगळं आहे का? आहे, नेहमीच. नियम सगळ्यांसाठी खरा ठरला. मेकरच चेकर झाला, आणि लॉगमध्ये ‘परवानगी दिली’ अशी रीतसर ओळही पडली. हाच नियम ‘==’ने लिहिला असता तर सगळ्यांना ४०३ आला असता आणि तासाभरात बोंब झाली असती.

हे एका मशिनवर घडतं आणि दुसऱ्यावर घडत नाही, कारण बूटचा ‘स्टार्टर पॅरेंट’ मेव्हन या बिल्ड-साधनाला हा पर्याय स्वतः देतो आणि ग्रेडलचं बूट प्लगइनही देतं. पण अनेक मॉड्यूलच्या प्रोजेक्टात कंपनीचा स्वतःचा पॅरेंट असतो आणि बूट फक्त बीओएम (लायब्ररींच्या आवृत्त्यांची यादी) म्हणून आणलेलं असतं. तिथे पर्याय लागू होत नाही. मुख्य ॲपमधल्या मेथड ठीक चालतात, ‘कॉमन’ मॉड्यूलमधल्या उघड्या पडतात. कंपायलर प्लगइनमध्ये ‘पॅरामीटर्स’ खरं करा, ज्या क्लासबद्दल शंका आहे त्याच्या क्लास फाइलवर ‘जावापी’ तपशीलवार पर्यायासह चालवून ‘मेथडपॅरामीटर्स’ दिसतंय का बघा, आणि तोवर @पी लावून नाव हाताने द्या.

याहूनही बरं म्हणजे असे नियम एक्स्प्रेशनमध्ये लिहूच नयेत. @प्रीऑथराइझ("@मंजुरीनियम.चालेल(#अर्जक्रमांक, ऑथेंटिकेशन)") असा एका बीनला कॉल द्या. ती बीन अर्ज भरणाऱ्याचं नाव डेटाबेसातून काढेल, क्रमांक नल आला तर स्पष्ट नकार देईल, आणि तिची युनिट टेस्ट लिहिता येईल. भरणाऱ्याचं नाव पॅरामीटरमधून घेणं तसंही धोक्याचंच. ते ब्राउझरकडून आलेलं असेल तर बदलायला कितीसा वेळ लागतो?

थ्रेड बदलला की ओळख हरवते

लॉगिन केलेल्याची ओळख ‘सिक्युरिटीकॉन्टेक्स्टहोल्डर’ थ्रेडलोकलमध्ये, म्हणजे त्या एका थ्रेडपुरती, ठेवतो. वेगळ्या थ्रेडवर चालणाऱ्या @एसिंक मेथडमधून सुरक्षित सेवेला कॉल केला की नव्या थ्रेडवर ओळख नसते आणि ‘ऑथेंटिकेशन ऑब्जेक्ट सापडला नाही’ असा एरर येतो. इथपर्यंत ठीक, निदान दार बंद आहे. बिघडतं ते यावरच्या ‘उपाया’ने. शोधलं की पहिल्यांदा सापडतो तो मोड ‘इनहेरिटेबल थ्रेडलोकल’. तो लावला की एरर जातो. पण वारसा मिळतो थ्रेड जन्माला येतो त्या क्षणी, आणि थ्रेड पूलमधले थ्रेड पुन्हा पुन्हा वापरले जातात. सकाळी शाखाधिकाऱ्याच्या विनंतीवर जन्मलेला थ्रेड दुपारी लिपिकाचं काम शाखाधिकारी म्हणून करतो. लॅपटॉपवर एकट्याने तपासताना हे कधीच दिसणार नाही. पूल असेल तिथे ‘डेलिगेटिंगसिक्युरिटीकॉन्टेक्स्टएसिंकटास्कएक्झिक्युटर’ वापरा. नाव लांबलचक आहे, पण तो प्रत्येक कामाबरोबर त्या वेळची ओळख पाठवतो आणि काम संपल्यावर पुसतो.

@एसिंक आणि @प्रीऑथराइझ एकाच मेथडवर असतील तर आणखी एक गंमत. एसिंकचा इंटरसेप्टर सर्वांत बाहेर बसतो, त्यामुळे तपासणी नव्या थ्रेडवर होते. मेथड काही परत देत नसेल तर नकार तिथेच लॉगमध्ये विरतो आणि युजरला २०० मिळतो. काम झालं नाही, आणि स्क्रीन म्हणते झालं.

नकार बरोबर, पण दिसतो भलताच

४०३ ऐवजी ५०० (सर्व्हरची अंतर्गत चूक) येत असेल तर तुमच्या @कंट्रोलरॲडव्हाइसमध्ये (एरर एका जागी हाताळणाऱ्या क्लासात) सरसकट ‘एक्सेप्शन’ पकडणारी मेथड आहे. ती ‘ॲक्सेसडिनाइडएक्सेप्शन’ही गिळते. तेवढ्यासाठी वेगळा हँडलर लिहून ते पुन्हा फेका, म्हणजे सिक्युरिटीच्या फिल्टरपर्यंत पोचेल. ४०१ येत असेल तर स्प्रिंगच्या लेखी तो माणूस लॉगिनच केलेला नाही. भूमिका नव्हे, टोकन बघा. आणि साधा ४०४ किंवा ५०० यायला हवा तिथे ४०१ वा ४०३ येत असेल, तर ‘/एरर’ हा पत्ता बंद आहे. आवृत्ती ६ मध्ये परवानगीची तपासणी एरर डिस्पॅचवरही, म्हणजे एररचं पान दाखवायला आत होणाऱ्या कॉलवरही, होते.

@पोस्टऑथराइझ वापरताना व्यवहाराचा क्रम बघा. सुरक्षेचे इंटरसेप्टर बाहेर, ट्रान्झॅक्शनचा सगळ्यात आत, अशी मूळ मांडणी आहे. @प्रीऑथराइझसाठी ती उत्तम: नकार मिळाला तर व्यवहार उघडतही नाही. पण @पोस्टऑथराइझ चालतं तेव्हा आतला व्यवहार कमिट होऊन गेलेला असतो. युजरला ४०३ दिसतो आणि नोंद डेटाबेसात बसलेली असते. डेटा बदलणाऱ्या मेथडवर @पोस्टऑथराइझ नकोच. लावायचंच असेल तर @इनेबलट्रान्झॅक्शनमॅनेजमेंटला ‘ऑर्डर’ शून्य देऊन व्यवहार बाहेर आणा.

पुन्हा होऊ नये म्हणून

‘न्यू कर्जसेवा(…)’ करून लिहिलेल्या मॉकिटोच्या (नकली ऑब्जेक्ट देणारी लायब्ररी) टेस्ट या विषयात काहीच सिद्ध करत नाहीत, कारण तिथे प्रॉक्सी नाही. स्प्रिंग कॉन्टेक्स्ट उभा करून, @विथमॉकयुजरने लिपिक बनून, ‘ॲक्सेसडिनाइडएक्सेप्शन’ येतंच असं सांगणारी टेस्ट प्रत्येक सार्वजनिक प्रवेशमार्गासाठी हवी. मेथडसाठी नव्हे, प्रवेशमार्गासाठी. ‘मंजूरकर’ची टेस्ट असून ‘सगळीमंजूरकर’ची नव्हती, म्हणून तर हे सगळं झालं.

स्वतःच्याच क्लासातून होणारे कॉल पकडायला आर्कयुनिट या कोडची रचना तपासणाऱ्या लायब्ररीत ‘प्रॉक्सीरूल्स’ नावाचा तयार क्लास आहे. अमुक ॲनोटेशन असलेली मेथड त्याच क्लासातून थेट बोलावलेली चालणार नाही, असा नियम त्यात एका ओळीत देता येतो. बिल्ड तिथेच लाल होतं. फायनल, प्रायव्हेट आणि प्रॉक्सी न मिळालेल्या बीन यांच्यासाठी ॲप सुरू होताना चालणारी छोटी तपासणी लिहा: सगळ्या बीन फिरा, सुरक्षा ॲनोटेशन असलेली मेथड सापडली की ‘एओपीयुटिल्स’ला विचारा ही प्रॉक्सी आहे का, मेथड ओव्हरराइड होण्याजोगी आहे का. नसेल तर ॲप सुरूच होऊ देऊ नका.

यूआरएल पातळीवरचा नियमही ठेवाच, आणि शेवटचा नियम ‘एनीरिक्वेस्ट’ला ‘डिनायऑल’ असा. ‘ऑथेंटिकेटेड’ लिहिलं तर नवा एंडपॉइंट जन्मतःच प्रत्येक लिपिकाला उघडा.

कोड दुरुस्त झाल्यावर एक काम उरतं, आणि ते पुढच्या रिलीजच्या गडबडीत हमखास मागे पडतं: गळती चालू होती त्या काळात कोणी काय मंजूर केलं ते शोधणं. मंजूर करणाऱ्याची आजची भूमिका बघून क्वेरी लिहाल तर मधल्या काळात बढती मिळालेला लिपिक त्यातून सुटेल, आणि बदली होऊन लिपिक झालेला शाखाधिकारी विनाकारण अडकेल. मंजुरीच्या तारखेला असलेली भूमिका लागेल. भूमिकांचा तारीखवार इतिहास वेगळ्या टेबलात ठेवलेला नसेल, तर आस्थापना विभागाकडचे बदली-बढतीचे आदेश काढून हाताने जुळवावं लागेल.